धार आणि थेंब

मराठीत अस्सल मालाला आपण 'पहिल्या धारेचा' म्हणतो. विनोद पहिल्या धारेचा असतो, शिवी पहिल्या धारेची असते, क्वचित एखादी कविताही असते. हा शब्द हातभट्टीवरून उठून सोवळ्या घरांत कधी येऊन बसला, कुणाला कळलं नाही. भट्टीच्या नळीतून जी सुरुवातीला पडते ती पहिली धार. नंतरची पातळ, मग पानचट. पण माझ्या आयुष्यात आलेल्या पहिल्या भट्टीला नळीच नव्हती. तिथे धार नव्हती, थेंब होता. आणि तो कुणाला दिसत नव्हता.

हे सगळं आठवलं ते लेस्टरला भाच्याच्या स्वयंपाकघरात. त्याने टेबलावर दोन यंत्रं मांडली होती. आपल्याकडे 2019 च्या कायद्याने ई-सिगारेट बनवणं, आणणं, विकणं, साठवणं, तिची जाहिरात करणं, सगळंच बंद आहे, त्यामुळे चंद्रपूरच्या माणसाला ही चीज नवीनच. दोन्हींत आतली तार आपल्या हाताने गुंडाळायची, कापूस आपल्या हाताने भरायचा. एकाला काचेची टाकी, तिथल्या कायद्यामुळे 2 मिलिलिटरची. कापसाची दोन टोकं टाकीतल्या रसात बुडलेली, मधून एक बारीक धुराडं वर तोंडापर्यंत गेलेलं. दुसऱ्याला टाकीच नाही. एक चपटी बैठक, तिच्यावर तार, तारेत कापूस, वर एक बुटकं टोपण. बाटलीतून चार थेंब कापसावर टाकायचे, चार-पाच झुरके घ्यायचे, पुन्हा थेंब टाकायचे. उशीर झाला तर कापूस करपतो आणि घशात जळक्या चिंधीचा वास बसतो.

"मामा, टाकीवाली सोयीची. पण चव पाहिजे तर ही," तो म्हणाला.

मी आयुष्यात विडी ओढली नाही. आमच्या तेंदूपत्त्याच्या मुलखात हे सांगितलं तर लोक हसतात. पण नाकाची हौस जुनी आहे, म्हणून दोन्हींचा एकेक झुरका तोंडात घोळवला आणि सोडून दिला. रस एकच, कस्टर्डच्या चवीचा. टाकीतून आला तो गुळगुळीत, पहिल्या झुरक्यासारखाच तिसरा. सरकारी विश्रामगृहातल्या जेवणासारखा, नाव ठेवायला जागा नाही आणि आठवण ठेवायला कारण नाही. थेंबवाल्या यंत्रातून मात्र आधी साय आली, मग भाजलेलं काहीतरी, मग व्हॅनिला. थर वेगळे. तार आणि जीभ यांच्यात जेमतेम दोन बोटांचं अंतर, वाफ वाटेत कुठे टेकायला जागाच नाही. टाकीच्या धुराड्यात तीच वाफ भिंतीला लागते, थोडी निवते, थोडी तिथेच राहते. रसिकांच्या सगळ्या वादाचं मूळ एवढंच: वाफेला तोंडापर्यंत किती चालावं लागतं.

आणि ते 'भाजलेलं काहीतरी' काय होतं? लाह्या. ताज्या फुटलेल्या ज्वारीच्या लाह्या. मी भाच्याला म्हटलं, अरे, यात मोहाचा वास येतोय. त्याला वाटलं मामा गमतीत बोलतोय.

गंमत नव्हती. कस्टर्डच्या अशा रसांत भाजल्या-भुजल्या वासासाठी अ‍ॅसिटिल पायराझिन नावाचा पदार्थ घालतात. मोहफुलाच्या वासातला म्होरक्या आहे 2-अ‍ॅसिटिल-1-पायरोलीन. रेणू वेगळा, पण भाजलेल्या धान्याच्या वासाचं घराणं तेच. बासमतीचा घमघमाट याच दुसऱ्या रेणूचा. आणि ज्यांनी तो मोहात ओळखला त्या कोलकात्याच्या रतनलाल ब्रह्मचारींनी त्याआधी तो आणखी एका ठिकाणी पकडला होता: वाघ शेपटी उभी करून झाडावर जी फवारणी करतो तिच्यात. ताडोब्यात उन्हाळ्यात जिप्सी थांबते, गाइड बोट वर करून नाक उडवतो आणि म्हणतो, "भात शिजल्यावानी वास येते ना?" तो खरंच सांगत असतो.

आमच्याकडे याची एक क्रूर बाजू आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोह रात्रभर गळतो आणि पहाटे वेचावा लागतो. उशीर केला तर अस्वल, हरिण, गुरं यांच्या वाट्याला जातो. बायामाणसं अंधारातच टोपल्या घेऊन निघतात, खाली वाकून वेचत राहतात, आणि ब्रह्मपुरी-सिंदेवाहीच्या बाजूला याच दिवसांत वाघाच्या हल्ल्याच्या बातम्या येतात. फुलाच्या वासात वाघाचा वास लपतो असं मी म्हणणार नाही, तो कवीपणा होईल. पण त्या पहाटेच्या हवेत दोन्ही वास एकाच रेणूचे असू शकतात, हे एकदा कळल्यावर मोहाखाली उभं राहणं पूर्वीसारखं राहत नाही.

ताजं मोहफूल हातात घेऊन पाहिलंत? फिक्या पिवळ्या मोत्यासारखं, मांसल, आत पोकळ, तळाला एक बारीक भोक. दाबलं की बोटं चिकट. गोडी इतकी की तीन फुलांनंतर घसा खवखवतो. वासाबद्दल मात्र दोन तट आहेत. काहींना तो नव्या भाताचा वाटतो, काहींना उंदराच्या बिळाचा. दोन्ही बरोबर आहेत. बिघडलेल्या वाइनमध्ये हाच रेणू सापडला की युरोपातले जाणकार तिला उंदराळलेली म्हणून बाजूला सारतात. अंगणात चार-पाच दिवस वाळलं की फूल विटकरी होतं, आक्रसतं, मनुकेजवळ जातं. भाताचा वास मागे पडतो, गूळ आणि ओलं गवत पुढे येतं. ताज्या फुलाचा वास म्हणजे नुसता सूर, वाळल्यावर त्याला शब्द येतात. मला सूर जास्त आवडतो, पण साठवता येतात ते शब्दच.

आता ती भट्टी. गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा झाला नव्हता. तो झाला 26 ऑगस्ट 1982 ला. वडील शिक्षक, बदली आतल्या भागात. शेजारच्या पाड्यावर एका म्हाताऱ्या बाईच्या परसात मी तासन् तास बसायचो, कारण तिच्याकडे कोंबडीची पिल्लं होती. चुलीवर सडव्याचं, म्हणजे आंबवलेल्या मोहाचं, मडकं. त्यावर बुडाला भोकं पाडलेलं दुसरं मडकं, त्याच्या आत मधोमध एक वाडगं. सगळ्यात वर गोल बुडाचं भांडं, थंड पाण्याने काठोकाठ भरलेलं. सांधे ओल्या मातीने लिंपलेले. खालून वाफ चढते, थंड बुडाला जाऊन थडकते, तिथे घाम धरतो, घाम बुडाच्या सगळ्यात खोल टोकाला गोळा होतो आणि थेंब थेंब वाडग्यात पडतो. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. वरचं पाणी कढत झालं की उपसून थंड भरायचं. हे एक 'पाणी'. किती पाणी झाली यावरून आत काय जमलं असेल ते ठरवायचं.

"चार पाण्याच्या वरतं नाही जायचं," ती तिच्या सुनेला सांगायची. "मंग पानचट होते."

मला प्यायला कुणी दिली नाही. वाडगं काढताना मात्र मी नाक पुढे करून उभा असे. तो वास मी आजही ओळखीन: कोमट, भाताच्या पेजेसारखा, खाली जळकट गुळाची एक रेघ, मातीच्या ओल्या सांध्याचा वास आणि थोडा धूर. सगळं एकात एक. तिने वाडग्यातले दोन थेंब आधी जमिनीवर सोडले, घरच्या गेलेल्यांसाठी, आणि मग भांडं आत नेलं.

दुसरी घडण नळीची. मडक्याचं तोंड बंद, बांबूची पोकळ नळी तिरकी बाहेर, तिचं दुसरं टोक पाण्यात बसवलेल्या घागरीत. आपला वाक्प्रचार या भट्टीचा. आपल्या उपखंडात नळीचं घराणं फार जुनं आहे: पेशावरजवळच्या शेखान ढेरीच्या उत्खननात निघालेली मातीची भांडी पाहून पुरातत्त्वज्ञ ऑलचिन यांनी 1979 मध्ये, ऊर्ध्वपातनाचं माहेर भारतच तर नव्हे, असा प्रश्न केला होता. आतल्या वाडग्याच्या घडणीला विज्ञानाचे इतिहासकार जोसेफ नीडहॅम यांनी मंगोल घडण म्हटलं. मंगोलियातल्या घोडीच्या दुधाची आणि आमच्या पाड्यावरच्या मोहाची भांडी इतकी सारखी कशी, हा वाद इतिहासकारांनी घालावा.

रसिकाला प्रश्न वेगळा. नळीत वाफ लांब चालते. चालताना जड असतं ते बांबूला चिकटतं, हलकं पुढे जातं, घागरीत थंड होऊन पडतं. मुख्य म्हणजे धार डोळ्यांसमोर पडते, म्हणून निवड करता येते. ही पहिली, ही मधली, ही शेवटची. वेगळ्या बाटल्या भरा. कनौजचे अत्तरवाले याच घडणीवर जगतात: देग, तिच्यातून निघालेला चोंगा, आणि पाण्यात बसवलेला भपका, ज्यात चंदनाचं तेल वाट पाहत असतं. गोव्यातली फेणी भाण आणि लावणीतून उतरते, तीही याच कुळातली. 2009 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. आतल्या वाडग्यात निवड नाही. पहिला थेंब आणि शेवटचा थेंब एकाच पोटात. वर हे वाडगं वाफेतच बसलेलं, म्हणून जमलेलं पुन्हा थोडं उडतं, पुन्हा बुडाला लागतं, पुन्हा पडतं. नळीची दारू ऐकीव गोष्टीसारखी स्वच्छ होऊन येते. वाडग्याची अजून अंगणातच असते.

भाच्याच्या यंत्रांशी हे तंतोतंत जुळत नाही, आणि जुळवायचा हट्ट मी धरला तर फसेन. त्याच्याकडे निवडीची मुभा थेंबवाल्याला. कापूस बदलला की चव बदलली. आमच्याकडे निवड धारेला. पण वाफेच्या चालण्याचा हिशेब दोन्हीकडे एकच लागतो. जवळून आलेली वाफ सगळं सांगून टाकते, दोषांसकट. लांबून आलेली शिकून येते. माझं मत विचाराल तर वाडगं. धूर आणि माती त्याच्या दारूत आहेत, आणि नळीवाले त्यालाच दोष म्हणतील. म्हणोत. 2018 मध्ये डेस्मंड नाझरेथ यांनी बाजारात आणलेली मोहाची दारू मी पणजीत चाखली, कायद्याच्या हद्दीत, पायाच्या ग्लासातून. मधाळ, मिरमिरीत, मागे हलका मोहर. उत्तम होती. पण पाड्यावरचं माझं नाक तिच्यात पेज शोधत राहिलं.

इथे थांबून एक गोष्ट कबूल केली पाहिजे. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. ती वरून आली नाही, गावागावांतल्या लोकांनी, बायांनी मागून घेतली. 2010 मध्ये चिमूरहून नागपूरच्या विधानभवनापर्यंत बाया चालत गेल्या तेव्हा चंद्रपूरच्याही बंदीची मागणी ऐरणीवर आली. ती 1 एप्रिल 2015 ला लागू झाली आणि 2021 मध्ये उठली. नवसागर टाकून उकळलेली हातभट्टी आणि त्या म्हातारीचं चार पाण्यांचं वाडगं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मी शपथेवर सांगेन. पण ज्या घरात माणूस रोज पिऊन येतो त्या घरातल्या बाईला हा लेख वाचून दाखवायची माझी हिंमत नाही. तंबाखूच्या खर्ऱ्याने पिचलेल्या या जिल्ह्यांत भाच्याचं यंत्रही कुणी आणू नये असंच मला वाटतं. चव कशात आहे हे कळणं वेगळं आणि ती घराघरांत असावी असं वाटणं वेगळं.

मोहफूल घरात ठेवायला मात्र आता अडचण नाही. 2021 मध्ये सरकारने वेचण्या-बाळगण्यावरचे निर्बंध उठवले. माझ्या फडताळात पत्र्याच्या डब्यात किलोभर असतात. लेस्टरहून परतल्यावर एका सकाळी मी एक प्रयोग केला. पातेल्यात पाणी, मूठभर वाळलेली फुलं, मंद आच, वर झाकण उलटं ठेवलं आणि त्याच्या खळग्यात फ्रीजमधलं पाणी ओतलं. सडवा नाही, दारू नाही, फक्त वाफ. पाच मिनिटांनी झाकण अलगद उचललं. आतल्या बाजूला, मुठीच्या खिळ्याशी, एक थेंब लोंबत होता.

बोटावर घेतला, जिभेला लावला. गोडी शून्य. साखर वाफेबरोबर चढत नाही, ती खालीच बसून राहते. भाच्याच्या यंत्रातही गोड रस तारेवर काळा थर होऊन जळतो, आणि तो बिचारा दर आठवड्याला तार घासत बसतो. माझ्या थेंबात नुसता वास होता. जिभेला पाणी, नाकाला भात, आणि डोकं दोघांचं मिळून त्याला गोड म्हणत होतं. गुळाची रेघ नव्हती, धूर नव्हता. वाळलेल्या फुलातून मला वाटलं होतं शब्द येतील, आला तो सूर, फार क्षीण, पण तोच.

मी दुसऱ्या थेंबासाठी पाणी बदललं. सौभाग्यवती दारात येऊन उभ्या होत्या. "किती वेळ लागेल अजून? मला कुकर लावायचाय."

"दोन पाणी," मी म्हटलं.