जुने नळ, नवा वायू : एका अहवालाची उलटतपासणी

युरोपातील अकरा वायुवाहतूक कंपन्यांनी जुलै २०२० मध्ये ‘युरोपियन हायड्रोजन बॅकबोन’ हा अहवाल प्रसिद्ध केला. देशांच्या सीमा ओलांडणारे सुमारे २३,००० किलोमीटरचे हायड्रोजनवाहिन्यांचे जाळे २०४० पर्यंत उभे राहील आणि त्यातले तीन चतुर्थांश नळ नैसर्गिक वायूचे जुनेच असतील, असे त्यात म्हटले होते. नवे नळ टाकण्यापेक्षा जुने वापरणे स्वस्त, हे पटण्याजोगे आहे. अहवालातला नकाशाही देखणा आहे. पण नळ तोच राहिला, तरी आतला वायू बदलला की काय काय बदलते?

एक घनमीटर हायड्रोजन जाळला, तर तेवढ्याच मिथेनच्या जेमतेम ३२ टक्के उष्णता मिळते. मग त्याच नळातून ऊर्जाही एक तृतीयांशच जाणार, असे विद्यार्थी चटकन म्हणेल. ते चूक आहे. मिथेनचा रेणुभार १६, हायड्रोजनचा २. म्हणजे घनता एक अष्टमांश. नळातली दाबाची घट तेवढीच ठेवली, तर वेग घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. आठचे वर्गमूळ २.८, त्याला ०.३२ ने गुणले की उत्तर ०.९ येते. (ग्रॅहमच्या नियमातही हेच वर्गमूळ भेटते, पण तिथले कारण वेगळे आहे. वर्गात गल्लत होऊ देऊ नये.)

तेव्हा ‘ऐंशी-नव्वद टक्के ऊर्जा जाते’ हा या उद्योगाचा लाडका आकडा खोटा नाही, अर्धवट आहे. वायू दाबण्याचे काम त्याच्या आकारमानावर ठरते. तितकीच ऊर्जा पोचवायची तर तिप्पट आकारमान दाबायचे, म्हणजे कॉम्प्रेसरला शक्तीही सुमारे तिप्पट लागणार. त्यातून जुने चक्राकार कॉम्प्रेसर इतक्या हलक्या वायूवर पुरेसा दाब चढवू शकत नाहीत. ते बदलावेच लागतात. पूर्ण क्षमतेपेक्षा कमी भरून नळ चालवणेच परवडते, हे अहवाल स्वतःच सांगतो. नकाशा पाहणाऱ्याच्या ध्यानात मात्र ते राहत नाही.

पोलादाची भीती मला तितकी मोठी वाटत नाही. हायड्रोजनचे अणू धातूत शिरतात आणि दाबाच्या चढउतारांत आधीचा तडा वेगाने वाढतो, हे खरे. गंमत अशी की, अधिक बळकट पोलादालाच हा धोका जास्त. जुने, मऊ पोलाद त्यामानाने बरे टिकते. नेदरलँड्समध्ये २०१८ पासून १२ किलोमीटरचा एक जुना नळ हायड्रोजन वाहू लागला. पण तो एकाच देशात, दोन कारखान्यांमध्ये. देणारा ठरलेला, घेणाराही ठरलेला.

अहवालात उणीव आहे ती इथे. सीमेपलीकडचा गिऱ्हाईक त्यात गृहीतच धरला आहे. नॉर्वेच्या इक्विनॉर कंपनीने जर्मनीकडे जाणाऱ्या हायड्रोजनवाहिनीचा बेत सप्टेंबर २०२४ मध्ये सोडला, तो खर्च फार आणि मागणी अपुरी म्हणून. पोलाद त्याच्या आड आले नव्हते. पुढच्याच महिन्यात जर्मनीने ९,०४० किलोमीटरच्या जाळ्याला मंजुरी दिली. त्यातले सुमारे ६० टक्के नळ जुने आहेत.