अंगठ्याची गाडी, मनगटाची गाडी

रेसिंग गेमचं कुठलंही परीक्षण उघडा. ग्राफिक्सबद्दल बोलून झालं, गाड्यांची यादी झाली, की शेवटाकडे एक वाक्य ठरलेलं असतं: गेमपॅडवर ठीक चालतं, पण खरी मजा हवी तर स्टिअरिंग व्हील घ्या. लिहिणाऱ्याला हे इतकं उघड वाटतं की का, ते सांगायला तो थांबतही नाही. जणू गेमपॅड म्हणजे लहान टीव्ही आणि व्हील म्हणजे मोठा टीव्ही. चित्र तेच, फक्त जरा ऐसपैस.

माझा आक्षेप इथेच आहे. चित्र तेच नसतं. माझ्या पीएचडीचं काम माणसाचा हात आणि यंत्र यांच्यामधल्या दुव्याबद्दल आहे, आणि त्या बाजूने बघितलं तर गेमपॅडवर गाडी चालवणं आणि व्हीलवर गाडी चालवणं ही दोन वेगळी कामं आहेत. एकाच गेममध्ये, एकाच ट्रॅकवर, एकाच गाडीत असली तरी.

आधी गेमपॅड घेऊ. अंगठ्याखालची ती छोटी काठी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर हलते, आणि सोडली की स्प्रिंगमुळे मधे येते. साध्या रस्त्यावरच्या गाडीचं स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत अडीच-तीन फेरे फिरतं, म्हणजे नऊशे अंशांच्या पुढेमागे. आता हे नऊशे अंश त्या सेंटिमीटरभरात कोंबून बघा. ताशी दोनशे किलोमीटर वेगात अंगठा केसभर थरथरला तरी गाडी गवतात. तशी ती जात नाही, याचं कारण एकच: तुम्ही ढकलता ते थेट चाकांपर्यंत पोचतच नाही. मधे सॉफ्टवेअर बसलेलं असतं.

हे मधलं सॉफ्टवेअर काय करतं ते बघायचं असेल तर 'असेटो कोर्सा' उघडा. कुनोस सिम्युलाझिओनी या इटालियन कंपनीचा हा 2014 मधला गेम. त्याच्या पीसी आवृत्तीत गेमपॅडच्या सेटिंगचं पान म्हणजे जवळजवळ पाठ्यपुस्तक आहे. डेडझोन: काठी मधल्या जागेतून किती हलेपर्यंत दुर्लक्ष करायचं. गॅमा: सुरुवातीला मंद आणि टोकाकडे तीव्र, असा उतार किती ठेवायचा. स्टिअरिंग स्पीड: अंगठा कितीही झटकला तरी गाडीतलं स्टिअरिंग जास्तीत जास्त किती वेगाने फिरू द्यायचं. फिल्टर: अंगठ्याचा थरकाप किती पुसून टाकायचा. आणि माझी आवडती, स्पीड सेन्सिटिव्हिटी: गाडीचा वेग वाढेल तसं स्टिअरिंग किती आखडतं घ्यायचं.

थोडक्यात, तुम्ही म्हणता 'उजवीकडे'. किती, आणि किती झरझर, हे बऱ्याच अंशी दुसराच कुणीतरी ठरवतो. रथ तुमचा, लगाम सारथ्याच्या हातात. आणि हा सारथी चांगला असतो बरं का! गेमपॅडवर लोक जे अफाट वेळ नोंदवतात, त्यात त्याचा वाटा असतोच. माझी तक्रार त्याच्या असण्याबद्दल नाही. तो आहे, हे परीक्षणात कुणी सांगत नाही, याबद्दल आहे.

आता व्हील. इथे मुख्य गोष्ट गोल आकार नाही, आतली मोटर आहे. टायर रस्त्याला टेकतो तो भाग जेमतेम तळहाताएवढा. वळताना हा तळवा पिळला जातो आणि रस्ता त्याला बाजूने ढकलतो. पण तो जोर तळव्याच्या बरोबर मध्यावर पडत नाही, किंचित मागे पडतो. त्यामुळे चाक सतत सरळ व्हायला बघतं. बाजारातल्या ट्रॉलीचं पुढचं चाक आपोआप ओढीच्या दिशेला वळतं, ते याच्याच नात्यातलं. इंजिनिअर याला सेल्फ-अलायनिंग टॉर्क म्हणतात, आणि वळणावर स्टिअरिंग जड लागतं त्यात त्याचा मोठा हात असतो.

खरी गंमत पुढे आहे. तुम्ही जास्त वळवत गेलात की तळव्याचा मागचा भाग आधी घसरायला लागतो. मग तो बाजूचा जोर पुढे सरकतो आणि स्टिअरिंगवरचा ताण कमी व्हायला लागतो. आणि हे होतं कधी? टायरची पकड संपण्याच्या *आधी*. पकड अजून वाढतच असते, पण हाताला स्टिअरिंग हलकं लागायला सुरुवात झालेली असते. म्हणजे टायर संपण्याआधी सांगून जातो. मोंझाच्या शेवटच्या वळणावर, पॅराबोलिकावर, हे छान कळतं. लांबलचक उजवं वळण, पुढे पुढे मोकळं होत जाणारं. व्हीलवर आत शिरताना हातात वजन भरत जातं, एका क्षणी ते ओसरायला लागतं, आणि तुम्हाला कळतं की पुढच्या टायरकडे आता मूठभरच शिल्लक आहे. तिथे थांबायचं, आणखी वळवायचं नाही.

गेमपॅडवर त्याच जागी हाताला थरथर जाणवते. थरथर वाईट नाही, पण तिला दिशा नसते. 'काहीतरी होतंय' एवढंच ती सांगते. डावीकडे की उजवीकडे, पकड वाढतेय की संपतेय, ते तिला बोलता येत नाही. एक्सबॉक्स वनने 2013 मध्ये ट्रिगरमध्येच मोटरी घातल्या. 2020 मध्ये आलेल्या ड्युअलसेन्सचे ट्रिगर तर बोटाला विरोध करतात. 'ग्रॅन टुरिस्मो 7'मध्ये ब्रेक दाबताना ते जाणवतं. पण बघा, यातली सगळी सुधारणा पायांच्या कामाची झाली, ब्रेक आणि ॲक्सिलरेटरची. स्टिअरिंगची काठी जशी मुकी होती तशीच राहिली. अंगठ्याखाली तीच स्प्रिंग, गाडी बर्फावर असो की डांबरावर.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, मग परीक्षणवाले बरोबरच सांगतात की! नाही. कारण व्हीलही सगळं खरं सांगत नाही. खऱ्या गाडीत मागची चाकं निसटतात ते आधी अंगाला कळतं, कानातल्या तोलाच्या इंद्रियाला आणि सीटला टेकलेल्या पाठीला. घरच्या खुर्चीत हे काहीच नाही. म्हणून गेम बनवणारे ही बातमी हातामार्गे आत सोडतात. 'असेटो कोर्सा'मध्येच कर्ब, रस्त्याचा खडबडीतपणा, टायरचं घसरणं यांचे वेगळे स्लायडर आहेत. पुढची चाकं घसरल्याचं वाढवून सांगणारा एक पर्यायही आहे. म्हणजे मीठमसाला दोन्हीकडे आहे. एकीकडे तुमच्या हुकमात, दुसरीकडे रस्त्याच्या निरोपात.

आणि काही गेम अंगठ्यासाठीच लिहिलेले असतात, हे तर कुणी मान्यच करत नाही. 'फोर्झा होरायझन 5' घ्या, 2021 मधला, मेक्सिकोत घडणारा. काटकोनातली गल्ली, लगेच वाळवंट, लगेच टेकडीवरून उडी, मधेच हँडब्रेक ओढून अख्खी गाडी आडवी. अंगठा या टोकापासून त्या टोकाला डोळ्याचं पातं लवेपर्यंत पोचतो. व्हीलवर तेवढंच वळायला दोन्ही हातांनी फेरे मारावे लागतात, आणि हाताला लागणारा वेळ कुठल्याही सेटिंगने शून्य होत नाही. त्यात बहुतेक जण हा गेम गाडीच्या मागून, वरच्या कॅमेऱ्याने खेळतात. डोळे गाडीच्या चार हात मागे आणि हात गाडीच्या आत! ही फारकत काठीवर खपून जाते, व्हीलवर टोचत राहते. या गेममध्ये स्टिअरिंगला 'स्टँडर्ड' आणि 'सिम्युलेशन' असे पर्याय आहेत, पण सारथी नेमकं काय करतो हे स्लायडरसारखं उघडून दाखवलेलं नाही. 'असेटो कोर्सा'चा प्रामाणिकपणा मला जास्त भावतो. तरी 'फोर्झा होरायझन' गेमपॅडवर दुय्यम आहे, असं कुणी म्हटलं तर मी भांडेन. तो गेमपॅडवर पूर्ण आहे. व्हीलवर तो भाषांतर वाटतो.

आमच्या क्षेत्रात 'स्टिअरिंग लॉ' नावाचा एक नियम आहे. नाव ऐकून फसू नका, गाडीशी त्याचा थेट संबंध नाही. जॉनी अको आणि शुमिन झाई यांनी 1997 मध्ये मांडलेला हा नियम सांगतो की एखाद्या बोळातून कर्सर नेताना लागणारा वेळ बोळाच्या लांबीच्या प्रमाणात वाढतो आणि रुंदीच्या प्रमाणात घटतो. दोन वर्षांनी त्यांनी माउस, टचपॅड, ट्रॅकबॉल अशा पाच साधनांवर तो तपासला. नियम पाचही ठिकाणी टिकला. साधनाप्रमाणे बदलला तो उतार, म्हणजे बोळ अरुंद झाला की किती महागात पडतं ते. गाडीचा हिशेब याहून गुंतागुंतीचा आहे, तिथे वस्तुमान आहे, टायर आहेत. पण रेसिंग गेमकडे बघायला ही दृष्टी मला उपयोगी पडते. 'फोर्झा होरायझन'चा बोळ रुंद आहे. रस्ता सोडला तरी खेळ चालू राहतो, आणि चुकलंच तर रिवाइंड आहे. तिथे साधनाचा फरक बुजतो. 'असेटो कोर्सा'त वळणाच्या आतल्या कडेला बोळ हातभर उरतो, आणि तिथे हाताला मिळणारी प्रत्येक बातमी कामाची ठरते. तेव्हा 'कुठलं साधन चांगलं' हा प्रश्न गेमचा बोळ किती रुंद, हे विचारल्याशिवाय पुरा होत नाही.

हे सगळं मी चिरफाडीच्या हौसेने लिहीत नाहीये. त्या एका वाक्याची किंमत असते, अगदी रुपयांत. लॉजिटेकचं जी29 हे सुरुवातीचं व्हील समजलं जातं, आणि ते आपल्याकडे पंचवीस-तीस हजारांच्या आसपास पडतं. जेआरएफची महिन्याची फेलोशिप 37,000 रुपये. वर ते ठेवायला हलणार नाही असं टेबल हवं, पेडल मागे सरकणार नाहीत अशी भिंत हवी. हॉस्टेलच्या खोलीत दोन्ही नसतात. कुण्या अकरावीतल्या मुलाने वर्षभर गेमपॅडवर खेळून जे कमावलंय, ते 'खरं नाही' असं त्याला एका ओळीत सांगून टाकायचं, याचा मला राग येतो. आणि हा नुसता हौसेचाही प्रश्न उरलेला नाही. निसान आणि सोनीने 2008 मध्ये सुरू केलेल्या जीटी अकॅडमीतून लुकास ऑर्डोनेझ, मग 2011 मध्ये यान मार्डनबरो असे गेममधून आलेले चालक थेट ल मॉंच्या शर्यतीपर्यंत पोचले. गेम जर त्या जगाचा दरवाजा असेल, तर कुठलं साधन लागतं हा प्रश्न प्रवेश फीचा होतो.

परीक्षणवाल्यांकडून मला एवढंच हवंय: गेमपॅडवर किती तास खेळलात, सहाय्य कुठलं चालू होतं, कॅमेरा कुठला होता, ते लिहा.

तुम्हाला स्वतः बघायचं असेल तर खर्च शून्य. 'असेटो कोर्सा'त गेमपॅड लावा आणि चालकाच्या नजरेचा कॅमेरा घ्या, ज्यात स्टिअरिंगवरचे हात दिसतात. पिटमधून बाहेर पडताना अंगठा पूर्ण ढकला: हात भरपूर फिरतील. मग मोंझाच्या सरळ पट्ट्यावर, पूर्ण वेगात, तसाच पूर्ण ढकला. पडद्यावरचे हात किती कमी हलतात ते बघा. अंगठ्याने दोन्ही वेळा एकच गोष्ट मागितली होती.

आणि मित्राकडे व्हील असेल तर एक विनंती. फोर्स फीडबॅकचा गेन शंभरावर नेऊन 'आता कसं खरं वाटतं' म्हणू नका. मोटरची ताकद ठरलेली असते. जी29 सारख्या व्हीलमध्ये ती दोन न्यूटन-मीटरच्या आसपास, तर डायरेक्ट ड्राइव्हच्या लहान व्हीलमध्येही पाच-आठ. गेमने त्याहून जास्त मागितलं की मोटर नुसती कमाल जोरावर अडकून बसते, आणि ते हलकं होणं, ज्यासाठी एवढे पैसे मोजले, तेच कापलं जातं. 'असेटो कोर्सा'च्या पेडल ॲपमध्ये एक उभी पट्टी असते, ती अशा वेळी लाल होते. पॅराबोलिकावर ती लाल राहत असेल तर गेन खाली आणा, कर्बवरून जातानाच काय ती क्षणभर लाल होईल इतका.