डोक्याच्या जागी अवजार

प्रभाकर पाचपुते हे चंद्रपूरच्या कोळसा पट्ट्यातल्या सास्तीचे चित्रकार. भिंतीवर कोळशानं चित्रं काढतात, सोबत शिल्पं मांडतात. २०१८च्या कोची बिएनालेत त्यांचं काम होतं. त्यांच्या कित्येक माणसांना डोकंच नसतं. तिथं अवजार किंवा यंत्र बसवलेलं. सत्ता कष्टकऱ्याकडं कशी बघते, ते आपल्याला एका नजरेत कळतं. ही ताकद मान्यच. पण आज सोनारीत आपण बहुतेक शेतकरीच बसलोय, म्हणून विचारू. त्याच वर्षी मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला पायी गेलेल्या शेतकऱ्यांना चेहरे होते, मागण्या होत्या: वनजमिनीचा हक्क, कर्जमाफी. डोकं काढलं की हाल दिसतात, विचार झाकला जातो. तेव्हा प्रदर्शन बघून आपण नुसतं हळहळायचं नाही. त्या माणसाचं म्हणणं काय, हेही विचारायचं.