किरकोळ त्रासांचे काव्यशास्त्र : कुटुंब, सहल आणि विनोद

१

वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील रिठद या गावी बसून एखाद्या वाचकाने इंग्लंडातील कालव्यावरच्या कौटुंबिक नौकासहलीचे वर्णन वाचावयास घेतले, तर त्याची पहिली अडचण शब्दाचीच असेल. मराठीत, आणि वऱ्हाडात तर विशेषच, 'कालवा' हा शब्द शेताशी बांधलेला आहे. धरण, कालवा, चारी, पाण्याची पाळी आणि त्या पाळीवरून होणारे तंटे अशी त्याची साखळी आहे. या कालव्यातून पाणी प्रवास करते, माणसे करीत नाहीत. योगायोगाने मराठीत 'कालवा' म्हणजे गलकाही होतो. कुटुंबाच्या सहलीला तो अर्थ अधिक जवळचा आहे, असे कोणी म्हटल्यास त्याला फारसा विरोध होणार नाही.

इंग्लंडातील हा कालवा वाहतुकीसाठी खोदला गेला. त्यावरची पारंपरिक अरुंद नाव सुमारे सात फूट रुंद आणि फार तर सत्तर-बहात्तर फूट लांब असते. ताशी चार मैलांच्या मर्यादेत ती चालते. चढ-उतार आला की दोन्ही बाजूंना दारे असलेल्या हौदात, म्हणजे लॉकमध्ये, ती घ्यावी लागते आणि दट्ट्या फिरवून पाणी भरावे अथवा सोडावे लागते. एका कुटुंबाने आठवडाभर असे राहावयाचे, म्हणजे छताला डोके आपटणे, टाकीतले पाणी नेमके अंघोळीच्या वेळी संपणे, ओले कपडे वाळवण्यास जागा नसणे, आणि सुकाणू कोणी धरावे व चिखलात उतरून दारे कोणी ढकलावीत यावरून अबोला धरला जाणे हे ओघानेच येते. यांतील एकही प्रसंग 'घटना' या संज्ञेस पात्र नाही. तरीही या किरकोळ त्रासांवर एक संपूर्ण लेखनप्रकार उभा राहिलेला आहे, आणि त्याचे मराठी सगेसोयरेही आहेत. समीक्षेने अशा लेखनाला 'हलकेफुलके' म्हणून बाजूस सारले आहे. परंतु त्रास 'किरकोळ' केव्हा ठरतो, आणि तसे ठरविण्याचा अधिकार कोणाकडे असतो, हे प्रश्न हलके नाहीत.

२

या प्रश्नांचा एक धागा रिठदच्या वाचकाच्या अंगणातूनच निघतो. आजचे वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले वत्सगुल्म. इ. स. ९०० च्या सुमारास होऊन गेलेल्या राजशेखराने 'काव्यमीमांसे'त सांगितलेल्या काव्यपुरुषाच्या कथेचा शेवट याच नगरात होतो. ही कथा रीतिविचाराच्या संदर्भात नेहमी उद्धृत होते. ती एका रुसव्याची आणि एका प्रवासाची कथा आहे, याकडे मात्र क्वचितच लक्ष दिले जाते.

सरस्वती ब्रह्मलोकी जाते आणि पुत्राला बरोबर नेत नाही. काव्यपुरुष रागावून घराबाहेर पडतो. त्याला प्रेमाने बांधून ठेवण्यासाठी गौरी साहित्यविद्येला निर्माण करते आणि त्याच्या मागोमाग पाठविते. पूर्वेकडे, पांचालात, अवंतीत आणि अखेर दक्षिणेत हे दोघे फिरतात. ती प्रत्येक देशात निराळा वेष धारण करते, नृत्य-गीत योजते. तो प्रथम मुळीच वश होत नाही. त्या अवस्थेतले त्याचे समासबद्ध बोलणे ती गौडी रीती. तो थोडा वश झाला तेव्हाचे बोलणे ती पांचाली. पूर्ण वश झाल्यावर समास गळून पडतात आणि वैदर्भी अवतरते. नंतर विदर्भातील वत्सगुल्म येथे दोघांचा गांधर्व विवाह होतो.

कथेचे रूपक बाजूला ठेवून केवळ तिची चौकट पाहिली, तर प्रवासात धरलेला अबोला जसजसा सुटतो तसतशी वाक्याची गाठ सुटते, असा तिचा आशय दिसतो. शैलीचा उगम येथे चिडचिडीच्या कमी-अधिक प्रमाणाशी जोडलेला आहे. किरकोळ त्रासाला काव्यशास्त्रात याहून मानाचे स्थान मिळणे कठीण.

याच कथेत श्रमाची एक विभागणीही आहे. वेष बदलणे, नाचणे, गाणे, मागे मागे चालणे ही कामे साहित्यविद्येची आहेत. काव्यपुरुष रुसतो आणि बोलतो. रीतींची व्याख्या मात्र त्याच्या बोलण्यावरून केली जाते. ज्या ग्रंथकाराने आपली पत्नी अवंतिसुंदरी हिची मते नाव घेऊन नोंदविली, त्याच्याच ग्रंथात ही विभागणी सहज मानली जावी, ही लक्षणीय बाब होय.

३

आधुनिक काळात नौकासहलीच्या विनोदाला सर्वमान्य रूप दिले ते जेरोम के. जेरोम यांच्या १८८९ मधील 'थ्री मेन इन अ बोट' या पुस्तकाने. प्रवास कालव्यावरचा नाही, टेम्सवरचा आहे. पण त्रासांची यादी तीच: भिजलेले सामान, बांधाबांधीतला घोळ, अननसाचा डबा आहे पण तो उघडण्याचे साधन नाही. या पुस्तकाच्या रचनेतील दोन गोष्टी येथे महत्त्वाच्या आहेत. एक, नावेत तीन मित्र आणि एक कुत्रा आहे, कुटुंब नाही. भिंतीवर चित्र टांगताना सारे घर वेठीस धरणारे अंकल पॉजर हे त्यातील कौटुंबिक विनोदाचे गाजलेले पात्र काठावरच, स्मरणात राहते. दुसरी गोष्ट शेवटाची. परतीच्या वाटेवर पाऊस असह्य होताच तिघे मित्र पँगबोर्न येथे नाव सोडून देतात आणि रेल्वेने लंडनला परततात. त्रास सोडून जाण्याची सोय आहे, म्हणूनच तो विनोदाला उपलब्ध होतो.

मराठी विनोदाला कुटुंब असे काठावर ठेवता आले नाही. 'कुटुंब' या शब्दाचा एक जुना अर्थच 'पत्नी' असा आहे, आणि मध्यमवर्गीय गृहस्थ 'आमचे कुटुंब' असे म्हणून तिचा उल्लेख करीत असे. एका शब्दात सगळे घर आणि त्या घराचा भार वाहणारी व्यक्ती एकत्र यावी, हा भाषेने केलेला अजाणता कबुलीजबाब होय. १९३३ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या 'चिमणरावांचे चऱ्हाट'पासून चि. वि. जोशी यांनी जो संसार उभा केला, त्यात काऊ, मुले आणि गुंड्याभाऊ चिमणरावांपासून सुटे करता येत नाहीत. निवेदक चिमणराव स्वतःच्या फजितीला साक्षी असतो, आणि वाचक त्याला हसत असतानाच त्याच्या बाजूने असतो.

भरताने हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे दोन भेद केले आहेत. आपण हसतो तेव्हा आत्मस्थ, दुसऱ्याला हसवितो तेव्हा परस्थ. चिमणरावाच्या विनोदाचे यश या दोन्हींच्या मिश्रणात आहे. परंतु कुटुंब-सहलीच्या विनोदाला हे भेद पुरत नाहीत. कोण हसते आणि कोणाला हसविले जाते, यांच्या जोडीला ओझे कोण उचलते हा तिसरा प्रश्न तेथे विचारावा लागतो.

पु. ल. देशपांडे यांचे १९६० मधील 'अपूर्वाई' या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. परदेशी भांबावलेला मराठी माणूस आणि त्याची सहप्रवासी पत्नी या जोडीवर त्यातील विनोदाचा मोठा भाग तोललेला आहे. या विनोदाची निर्मळता निर्विवाद आहे. मात्र १९९० मध्ये सुनीता देशपांडे यांचे 'आहे मनोहर तरी' प्रसिद्ध झाल्यानंतर 'अपूर्वाई' पूर्वीसारखी वाचता येत नाही. व्यवहाराची सगळी बाजू एकीने सांभाळावयाची आणि दुसऱ्याने व्यवहारातील अज्ञान मिरवावयाचे, ही विनोदी लेखनातील लोभस विभागणी त्या आत्मकथनात दुसऱ्या बाजूने दिसू लागते. तेथे ती लोभस राहत नाही. एका संहितेतील हास्य दुसऱ्या संहितेत हिशेब म्हणून येते. दोन्ही खरी आहेत, आणि एकीने दुसरी खोटी ठरत नाही. पण पहिलीतील 'किरकोळ' या विशेषणाची किंमत दुसरीने दाखवून दिली.

ओझे वाहणाऱ्या व्यक्तीला विनोद साधत नाही, असा निष्कर्ष मात्र यावरून काढता येणार नाही. १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झालेली लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' त्याचा भक्कम प्रतिवाद करतात. नारायण वामन टिळकांचा लहरीपणा, एकाएकी घर सोडून निघणे, संसाराच्या हिशेबाविषयीची त्यांची बेफिकिरी हे सारे सोसणाऱ्या स्त्रीने सांगितले आहे, आणि हसत सांगितले आहे. चिमणरावाच्या विनोदात फजिती होणारा निवेदक असतो. येथे निवेदिका दुसऱ्याच्या लहरीचा परिणाम सोसते आणि त्या लहरीवर प्रेमही करते. राजशेखराच्या कथेत साहित्यविद्येला बोलावयास मिळाले असते, तर तिने कोणत्या रीतीत बोलले असते, याचा अंदाज 'स्मृतिचित्रे' वाचून बांधता येतो. ती रीती असमस्त, सरळ आणि नेमक्या जागी थांबणारी आहे.

४

आतापर्यंतच्या उदाहरणांत घर कायम आहे. प्रवास संपतो आणि कुटुंब घरी परतते. ज्यांचे घरच प्रवासात असते त्यांच्या बाबतीत हा लेखनप्रकार कसा वागतो, हे पाहिल्याशिवाय त्याची मीमांसा पुरी होत नाही.

इंग्लंडातील कालव्यांवर सहल येण्यापूर्वी कुटुंबे होतीच. रेल्वेच्या स्पर्धेने मिळकत घटली तेव्हा अनेक नावाड्यांनी किनाऱ्यावरचे घर सोडून बायको-मुले नावेवर आणली. मागच्या बाजूच्या सुमारे दहा फूट लांबीच्या खोलीत संपूर्ण संसार होई. ही दाटी इतकी वाढली की १८७७ मध्ये त्यासाठी कायदा करावा लागला. नावेची निवासस्थान म्हणून नोंद करणे, तीत किती माणसांनी राहावे हे ठरविणे, आणि नोंदणीच्या गावाशी मुलांचे शिक्षण जोडणे अशी त्याची दिशा होती. पुढे मालवाहतूक ओसरू लागली. एल. टी. सी. रोल्ट यांच्या १९४४ मधील 'नॅरो बोट' या पुस्तकाने या मावळत्या जीवनाविषयी आस्था निर्माण केली आणि कालवे वाचविण्याच्या चळवळीला बळ मिळाले. त्यातून वाचलेले कालवे कालांतराने मुख्यतः सहलींच्या उपयोगी पडले. छताला डोके आपटणे तेच राहिले. एका कुटुंबाला तो जन्मभराचा संसार होता, दुसऱ्याला ती आठवड्याची गंमत आहे.

मराठीत ही दुसरी बाजू विनोदाने लिहिली नाही, आत्मकथनाने लिहिली. लक्ष्मण माने यांच्या १९८० मधील 'उपरा'त कैकाडी कुटुंबाचे बिऱ्हाड गाढवांच्या पाठीवर गावोगाव हिंडते. सामानाची बांधाबांध, पाऊस, मुक्कामाची जागा, पोरांचे हाल, खाण्याची सोय ही सहलीच्या लेखनातील सगळी आशयसूत्रे तेथे आहेत. त्यांतील एकही किरकोळ नाही. पाऊस आला तर पँगबोर्नला नाव सोडून जाण्यासारखा पर्याय तेथे नाही. मुक्काम हलला की शाळा तुटते, आणि १८७७ च्या त्या कायद्याला पडलेला नावेवरच्या मुलांच्या शाळेचा प्रश्न येथे शंभर वर्षांनंतरही उभाच असतो.

बाख्तिन यांच्या परिभाषेत बोलावयाचे तर सहल आणि भटकंती यांचे रस्ते एकच असले तरी त्यांचे कालावकाश भिन्न आहेत. सहलीच्या काळाला दोन्ही टोके असतात. निघण्याचा दिवस ठरलेला असतो आणि परतण्याचाही. त्या दोन टोकांमधले सगळे त्रास आठवणीत जाण्यासाठीच घडतात, कारण सांगणारा घरी पोहोचलेला आहे हे वाचकाला पहिल्या ओळीपासून ठाऊक असते. भटकंतीच्या काळाला परतीचे टोक नाही. म्हणून तेथे त्रासाची गोष्ट होण्यास फार उशीर लागतो, आणि ती होते तेव्हा बहुधा लिहिणारा त्या रस्त्यावरून बाजूला झालेला असतो.

५

यावरून कुटुंब-सहलीचा विनोद खोटा किंवा हीन ठरत नाही. अबोला, ओले कपडे आणि हरवलेली किल्ली यांतून माणसे एकमेकांना जितकी कळतात तितकी मोठ्या प्रसंगांतून कळतातच असे नाही. वैदर्भीचा जन्म रुसवा निवळण्यातून झाला, ही कल्पना याच अनुभवाला दिलेला शास्त्रीय मान आहे. समीक्षेने मागावयाचे ते इतकेच, की हा विनोद ज्या दोन गोष्टींवर उभा असतो त्या तिने दृष्टीआड करू नयेत. परत जाण्यासाठी घर असणे ही एक, आणि ते घर प्रवासातही कोणीतरी उचलून चालत असणे ही दुसरी. पहिली नसेल तर 'उपरा' लिहिले जाते. दुसरी बोलू लागली तर 'स्मृतिचित्रे' किंवा 'आहे मनोहर तरी' लिहिले जाते.

रिठदच्या वाचकापाशी या दोन्हींची ओळख आधीपासून असते. त्याच्याच जिल्ह्यात बंजारा समाजाचे पोहरादेवी हे तीर्थक्षेत्र आहे. धान्य आणि मीठ बैलांच्या पाठीवर लादून कुटुंबांसह देश पालथा घालणाऱ्या तांड्यांचे ते वारस. त्यांचाही धंदा रेल्वेने आणि सडकांनी संपविला. इंग्लंडातील नावाड्यांचे अरुंद कालवे सहलीच्या रूपाने टिकले. लमाणांच्या वाटांवर सहल आली नाही. वत्सगुल्माच्या विवाहकथेचा कर्ता स्वतःला 'यायावरीय' म्हणवितो. यायावर म्हणजे सतत हिंडणारा. हे त्याचे कुलनाम असले तरी त्या परिसरातील वाचकाला ते निव्वळ नाव वाटणार नाही. कालव्यावरच्या सहलीचे वर्णन वाचून तो हसेल, आणि हसता हसता त्या नावेत पूर्वी कोण राहत होते असे विचारील. त्याचा हा प्रश्न विनोदाच्या समीक्षेने आपला मानावयास हवा.