चित्रांतील काळ : प्रभाकर बरवे यांच्या कलेविषयीं

चित्रासमोर उभें राहिल्यावर आपल्याकडील सुशिक्षित माणसाच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो ‘हें काय दाखविलें आहे?’ हा, आणि त्याचें उत्तर मिळालें नाहीं म्हणजे दुसरा निघतो तो ‘मग याचा अर्थ काय?’ हा. चित्रकार मंडळी या प्रश्नांना हसतात. आम्हांस मात्र ते हसण्यासारखे वाटत नाहींत. जो अर्थ विचारतो, तो निदान चित्राकडून कांहीं अपेक्षा तरी बाळगतो. परंतु अर्थ ही वस्तु चित्रांत कोठें असते, आणि ती किती वेळांत हातीं लागावी, याचा विचार आपण क्वचितच करतों. प्रभाकर बरवे यांचीं चित्रें तो करावयास लावतात, म्हणून त्यांच्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

सातारा-सांगलीकडील रसिकांची अभिरुचि घडली ती आख्यानावर. सांगलीस १८४३ सालीं विष्णुदास भावे यांनीं ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणलें, तेव्हां धनुष्य कोण मोडणार हें प्रेक्षकांतील पोरासोरांसही ठाऊक होतें. कथा अगोदर, खेळ मागाहून. चित्रांचीही तीच स्थिति. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ सालीं मुंबईस सुरू झाला, पुढें तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. आणि त्यांतून निघालेल्या तसबिरी वाड्यावाड्यांतील भिंतींवर चढल्या. दमयंती हंसाकडे पाहत उभी आहे एवढें दिसलें कीं नळाचें सारें चरित्र पाहणाऱ्याच्या डोळ्यांपुढें उभें राही. लेसिंग या जर्मन टीकाकारानें १७६६ सालीं असें प्रतिपादिलें कीं, चित्रकारास एकच क्षण मिळतो; तेव्हां त्यानें असा क्षण निवडावा, ज्यांत मागचें स्मरेल आणि पुढचें सुचेल. रविवर्म्यानें हेंच केलें. परंतु असल्या चित्रांतला काळ खरें म्हटलें तर पुराणांतला असतो. चित्र ही केवळ त्याची खिडकी. ज्यास नळाची कथा ठाऊक नाहीं, त्याला तेथें एक सुंदर स्त्री आणि एक पक्षी, एवढेंच दिसावयाचें.

हा मार्ग एकटाच नाहीं, हें कळावयास आम्हांस दूर जावें लागत नाहीं. ज्या औंध संस्थानचीं गांवें आज सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांत विभागलीं आहेत, त्याचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि हे स्वतः चित्रकार आणि कीर्तनकार होते. त्यांनीं १९३८ सालीं यमाईच्या डोंगरावर जें संग्रहालय उभारिलें, त्यांत रविवर्म्याचीं चित्रें आहेत आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचें ‘माता आणि मूल’ हें शिल्पही आहे. ही माता कौसल्या कीं यशोदा, हा प्रश्न त्या शिल्पापुढें सुचतच नाहीं. तिला चरित्र नाहीं, तरी अर्थ आहे. कथा वजा केली तरी कांहीं शिल्लक राहतें, याचा पुरावा कीर्तन करणाऱ्या राजाच्या संग्रहांतच मिळावा, ही आम्हांस मोठी उद्बोधक गोष्ट वाटते.

बरवे यांची वाट येथून पुढची आहे. १९३६ सालीं अलिबागजवळ नागांव येथें त्यांचा जन्म झाला. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेंत त्यांनीं शिक्षण घेतलें, आणि पुढें विणकर सेवा केंद्रांत अनेक वर्षें नोकरी केली. तिचा आरंभींचा काळ बनारसेंत गेला, व तेथें तांत्रिक चिन्हांची ओढ त्यांच्या मनाला लागली. तंत्रांतल्या त्रिकोणाचा, बिंदूचा अर्थ शास्त्रानें ठरविलेला असतो. म्हणजे पुराणाऐवजीं शास्त्र आलें, पण अर्थ चित्राबाहेरच राहिला. बरवे यांचें मोठेपण आम्हांस यांत दिसतें कीं, ते तेथें थांबले नाहींत. ठरीव चिन्हें मागें पडलीं, आणि घरांतल्या, वाटेवरल्या साध्या वस्तु त्यांच्या चित्रांत येऊं लागल्या : पान, शिंपला, किल्ली, घड्याळ.

यांतील घड्याळ वारंवार येतें, परंतु वेळ सांगण्याकरितां नव्हे. साल्व्हादोर डाली यानें १९३१ सालच्या आपल्या प्रसिद्ध चित्रांत घड्याळें लोण्यासारखीं वितळविलीं; पाहणारा तत्काळ चकित होतो, आणि चकित होण्यांतच पुष्कळदां त्याचें पाहणें संपतें. बरवे घड्याळाला असा धक्का देत नाहींत. ते त्याचा शेजार बदलतात. एका बाजूस तबकडी, दूर कोठें एक पान, आणि मध्यें मोठी मोकळी जागा. दारेंखिडक्या रंगवावयाचा एनॅमल रंग ते पुष्कळदां वापरीत. त्या गुळगुळीत पृष्ठभागावर हाताची धांदल उमटत नाहीं. वस्तु एकमेकींशीं बोलत नाहींत, आणि म्हणून पाहणाऱ्यासच बोलावें लागतें. घड्याळ काळ मोजतें तें आकड्यांनीं. पान मोजतें तें पिवळें पडून. शिंपला मोजतो तो थरावर थर चढवून. यांतला खरा काळ कोणता? हा प्रश्न चित्रावर कोठें लिहिलेला नसतो. त्या मोकळ्या जागेंतून डोळा या वस्तूकडून त्या वस्तूकडे जाऊं लागला, म्हणजे तो आपोआप उभा राहतो. त्या जाण्यायेण्यास जो वेळ लागतो, तोच या चित्रांतला काळ, अशी आमची समजूत आहे.

१९९० सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘कोरा कॅनव्हास’ या आपल्या ग्रंथांत बरवे यांनीं चित्र घडतें कसें याचा शांतपणें विचार केला आहे. चित्रकारानें इतक्या चांगल्या मराठींत आपल्या कामाविषयीं लिहावें, हें भाग्य आपल्या भाषेस क्वचितच लाभलें आहे. ज्यांस चित्रें दुर्बोध वाटतात, त्यांनीं आरंभ या ग्रंथापासून करावा.

तथापि दोष दाखविल्यावांचून केलेली स्तुति आम्हांस मान्य नाहीं. कांहीं चित्रांत वस्तूंची मांडणी इतकी चोख आहे, कीं मन त्यांत रमण्याऐवजीं कोडें सोडवूं लागतें. आणि कोडें सुटलें कीं त्याचें काम संपतें. याहून मोठी अडचण निराळी आहे. आख्यानाच्या चित्रांत अज्ञ प्रेक्षकाला आजीच्या गोष्टींचा आधार होता. येथें तो नाहीं. जो कांहीं घेऊन येत नाहीं, तो कांहीं घेऊन जातही नाहीं. शिवाय अशा कलेचें बाह्य अनुकरण फार सोपें. एक पान आणि एक घड्याळ काढलें म्हणजे प्रतीक झालें, अशी समजूत एकदां रुजली, कीं खरें आणि खोटें निवडणें कठीण होऊन बसतें.

मग ‘याचा अर्थ काय?’ या प्रश्नाचें करावयाचें काय? आमच्या साताऱ्याच्या घरीं ओटीवर चावीचें घड्याळ होतें. दर रविवारीं आजोबा स्टुलावर चढून त्याला चावी देत. ते गेल्यावर कांहीं आठवडे तें काम कोणाच्याच ध्यानीं आलें नाहीं, आणि एके दिवशीं घड्याळ बंद पडलेलें आढळलें. घड्याळ व किल्ली यांचें चित्र पाहतांना आम्हांस तो रविवार आठवतो. तो बरवे यांनीं रंगविलेला नाहीं, हें आम्ही जाणतों. पण तो आठवावा एवढी जागा त्यांनीं मोकळी ठेविली आहे. आमच्या नातवंडांनीं अशी चावी पाहिलेलीच नाहीं. त्यांना त्याच चित्रांत दुसरें कांहीं दिसेल, किंवा कांहींच दिसणार नाहीं. वस्तूला वय असतें, तसें प्रतीकालाही असतें; आणि ही जोखीम ज्यानें पत्करिली नाहीं, त्याला पुराणाच्या आधाराखेरीज चित्र काढतां येणार नाहीं.

बरवे १९९५ सालीं निवर्तले. २०१९ सालीं मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयांत त्यांच्या कामाचें मोठें प्रदर्शन भरलें होतें. असा योग पुन्हां आला, तर वाचकांनीं मुलाबाळांसह अवश्य जावें. मुलानें अर्थ विचारला तर त्याला गप्प करूं नये, आणि घाईनें उत्तरही देऊं नये. ‘तुझ्या घरीं अशी वस्तु कोठें पाहिलीस?’ एवढेंच विचारावें, आणि त्याला चित्रापुढें आणखी थोडा वेळ उभें राहूं द्यावें.