सुट्टीवर आलेला नवरा : ‘थ्री ऑफ अस’बद्दल

नकाराची गोष्ट मोठ्या आवाजात सांगायची आपल्या भागाची रीत आहे. कळंबहून नाशिकच्या दिशेनं निघालं की नारायणगाव लागतं. विठाबाईंचं गाव, तमाशाच्या राहुट्यांचं गाव. लावणीतली बाई पाठ फिरवणाऱ्याला भर बोर्डावर जाब विचारते, आणि ढोलकी तिच्या बाजूनं बोलते. हे ऐकत वाढलेल्या माणसाला ‘थ्री ऑफ अस’ दाखवला तर अर्ध्या तासात तो विचारणार, ‘अहो, पण ह्यात घडतं काय?’ प्रश्न रास्त आहे.

अविनाश अरुण यांचा हा हिंदी सिनेमा नोव्हेंबर २०२३ मध्ये थिएटरात आला. ‘किल्ला’ही त्यांचाच, आणि तोही कोकणातलाच. इथली शैलजा (शेफाली शाह) मुंबईत कोर्टात नोकरी करणारी. तिला विस्मृतीचा आजार सुरू झालाय. सगळं पुसलं जायच्या आत, लहानपणी काही वर्षं जिथं काढली ते वेंगुर्लं बघायचं म्हणून ती नवऱ्याला घेऊन निघते. तिथं शाळेतला सोबती प्रदीप कामत (जयदीप अहलावत) बँकेत आहे. तेव्हा ती त्याला न सांगताच निघून गेली होती.

बहुतेकांनी ही गोष्ट शैलजा-प्रदीपची म्हणून पाहिली. मला ती नवऱ्याची वाटते. दीपांकर, विम्याचं काम करणारा साधा माणूस. स्वानंद किरकिरे यांनी तो केलाय. तो बघत राहतो, आणि आपली बायको इथं वेगळीच हसते हे त्याला हळूहळू कळत जातं. तिनं त्याला ‘नको’ म्हटलेलं नाही. काहीच म्हटलेलं नाही. पण आपण इतकी वर्षं जिच्याबरोबर राहिलो ती बाई ही नव्हेच, हा नकार काय कमी आहे?

आणि हे सुट्टीवर घडतंय, हे महत्त्वाचं. घरी असता तर कामावर गेला असता, पेपरात तोंड घातलं असतं. सुट्टीत पळायला जागा नसते. भीमाशंकरला निघालेल्या गाड्या आपण मंचरला नेहमी बघतो. आत बसलेल्या चौघांत कोण कोणाशी बोलत नाहीये, हे बाहेरून थोडंच दिसतं?

कोंकणा सेनशर्मा यांच्या ‘अ डेथ इन द गंज’मध्येही हीच कोंडी आहे. साल १९७९, मॅक्लुस्कीगंजमधलं घर, पाहुण्यांचा गोतावळा. मिमी शुटूला जवळ करते आणि मग झटकून टाकते. त्यानंतरही त्याला त्याच घरात, त्याच माणसांत वावरायचं. तो आतून मोडतोय हे कोणाच्या ध्यानातच येत नाही. शेवट सांगत नाही, पण कोंकणा तिथं कोणालाच सहज सोडत नाहीत.

अविनाश अरुण मात्र सगळ्यांना सोडतात, आणि माझी तक्रार तिथंच आहे. आजारी माणसावर रागावता येत नाही. शैलजा विसरत चालली आहे, त्यामुळे दीपांकरनं विचारायचं ते कधी पुरतं विचारलंच जात नाही, आणि तिलाही उत्तर द्यावं लागत नाही. ती धडधाकट असती तर? मग हा सिनेमा इतका शांत राहिला असता का? आकाशपाळण्यातला तो गाजलेला प्रसंगही मला जरा सजवलेला वाटतो. (वेंगुर्ल्यातली माणसं आपसात बहुतेक हिंदीच बोलतात, ते कानाला खटकतं ते वेगळंच.) उलट किरकिरे नुसते मागं उभे असतात तेव्हा सिनेमा खरा बोलतो. कॅमेराही स्वतः अविनाश अरुण यांचाच. कोकण देखणं दिसतं, कधी कधी गरजेपेक्षा जास्त.

आणखी एक. प्रदीपची बायको सारिका, कादंबरी कदम यांनी केलेली. ती नवऱ्याची थट्टा करते, हसते. तिची ही सुट्टी नाही. पाहुणे गेल्यावर तिला ह्याच घरात, ह्याच माणसाबरोबर राहायचंय. नावात तिघंच आहेत, पण ही चौथी आहे. पुन्हा बघाल तेव्हा, बाकीचे तिघं बोलत असताना, तिच्याकडे बघा.