न तुटलेलं पाणी

विमानाच्या ॲल्युमिनियमच्या सुट्या भागांचं ॲनोडायझिंग करणाऱ्या कामगाराच्या दिवसातलं एकच अर्धं मिनिट आपण निवडू या. तेल-ग्रीस काढून, धुवून झालेला भाग, म्हणजे जॉब, तो पाण्यातून वर काढतो, किंचित तिरका धरतो आणि सुमारे ३० सेकंद नुसता पाहत राहतो. पाण्याचा पडदा काठापासून काठापर्यंत सलग राहिला, छतावरच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब त्यात कुठेही मोडलं नाही, तर पृष्ठभाग निर्मळ. कुठे तो पडदा विरून थेंब गोळा झाले, तर तिथे स्निग्धतेचा अंश उरला आहे, कदाचित उघड्या बोटाच्या एका ओझरत्या स्पर्शाचा. कमळाच्या पानावर ज्या मोत्यांपाशी आपली नजर खिळते, तेच मोती इथे दिसले की जॉब मुकाट्याने परत धुण्याच्या टाकीकडे जातो. डोळ्यांना न दिसणारा डाग पाण्याकडून वदवून घेणारी ही परीक्षा मला फार लोभस वाटते. तिला लागतं ते पाणी, उजेड आणि घाई न करणारी नजर.

एवढी शुचिता कशासाठी, तर पुढे जे घडायचं असतं त्यासाठी. आम्लाच्या टाकीत जॉब धनाग्र होतो, वीज वाहू लागते. रंग धातूवर चढवावा लागतो. पण विजेमुळे तयार होणारा ऑक्साइडचा हा थर धातूतूनच उगवतो, काही अंशी आत रुजत, काही अंशी बाहेर येत, जशी झाडाची साल झाडाचीच असते. अवघ्या काही मायक्रॉनांचा हा थर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षट्कोनी घरं, आणि प्रत्येक घराच्या मध्यावर एक इवलं विवर!

१९२३ साली ब्रिटनमध्ये बेन्गफ आणि स्टुअर्ट यांनी ॲनोडायझिंगची क्रोमिक आम्लाची पद्धत आणली, ती ड्युरॅल्युमिनच्या सागरी विमानांचे भाग खाऱ्या पाण्यापासून वाचवायला. त्या टाकीतलं षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे; म्हणून टार्टारिक आम्ल मिसळलेल्या सल्फ्युरिक आम्लाकडे हा उद्योग वळतो आहे, आणि वळायलाच हवा. विमानाच्या त्वचेसाठी कामगाराचा श्वास पणाला लागू नये.

थर तयार झाला की मग सीलिंग. उकळीच्या जवळ आलेल्या शुद्ध पाण्यात ऑक्साइड पाणी पिऊन फुगतो आणि ती सगळी विवरं आपली तोंडं मिटून घेतात. ज्या पाण्याच्या भयाने हा खटाटोप सुरू झाला, ज्याने मघाशी परीक्षा घेतली, तेच शेवटी दारं लावून घेतं. टाकीवर वाफ तरंगते, रॅकवरचा जॉब सावकाश वर येतो, आणि हातमोज्यातली बोटं त्याला केवळ कडेला धरतात.